आधी जागा, मग कॅमेरा

मैदानावर पोचलीस की पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही, पोरी. अख्खा ट्रॅक पायी फिरून ये. ऊन कुठून येतंय, वारा कुठून सुटलाय, गाडीच्या पाठीमागं काय दिसणार आहे आणि गाडी हातातून सुटली तर कुठं जाईल, एवढं बघायचं. यातलं शेवटचं सगळ्यात आधी. नवी पोरं येतात ती थेट विचारतात, मामा, लेन्स कुठली घेऊ? लेन्सचं बघू सावकाश. शर्यतीच्या फोटोचं निम्मं काम पाय करतात.

वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहायचं नाही. टायरची पकड सुटली की गाडी बाहेरच फेकली जाते, ती आत कधी येत नाही असं नाही, पण क्वचित. म्हणून आतल्या अंगाला राहायचं, रस्त्याच्या पातळीपेक्षा जरा उंचावर, आणि पाठीमागं पळायला वाट मोकळी ठेवून. पाठीला कंपाउंडची भिंत आली की ती जागा बाद. जुन्या टायरांच्या राशी रचलेल्या असतात, त्यांना टेकून आरामात उभे राहिलेले फोटोग्राफर तुला हमखास दिसतील. त्या राशी गाडीचा धक्का खाऊन मागं सरकाव्यात म्हणूनच ठेवलेल्या असतात. त्यांच्या मागं किमान चार पावलं अंतर ठेव. १९८६ साली पोर्तुगालच्या रॅलीत लोक थेट रस्त्यावर येऊन उभे राहायचे, गाडी जवळ आली की बाजूला व्हायचे, त्यातच मर्दुमकी समजायचे. त्यांना चुकवता चुकवता जोआकिम सांतुशची फोर्ड गर्दीत घुसली. तिघं गेली, तीसच्या वर जखमी झाली आणि मोठमोठ्या संघांनी तिथंच रॅली सोडली. त्या काळच्या त्या राक्षसी ताकदीच्या गाड्या पुढच्या वर्षापासून जागतिक रॅलीतून बंद झाल्या.

आणखी एक. लांब लेन्समधून बघताना सगळं सिनेमासारखं वाटतं, आपण त्यात नाहीच असं वाटायला लागतं. म्हणून उजवा डोळा कॅमेऱ्याला, डावा उघडा. नाशिकच्या बाजूला रॅली व्हायच्या, राष्ट्रीय अजिंक्यपदाची फेरीही तिथं झालेली आहे, तिथल्या मातीच्या रस्त्यांवर ही सवय लागते. रॅलीत रस्ता बंद व्हायच्या आत जागेवर पोचावं लागतं आणि शेवटची स्वीपर गाडी गेल्याशिवाय तिथून हलता येत नाही. स्पर्धकांच्या आधी शून्य-शून्य आणि शून्य नंबरच्या गाड्या येऊन रस्ता मोकळा आहे का बघून जातात. त्या गेल्या की पाण्याची बाटलीसुद्धा रस्त्याच्या पलीकडं आणायला जायचं नाही. बसून फोटो काढायचा मोह होतो, कारण खालून गाडी जबरी दिसते. बसायचं तर गुडघा टेकून, मांडी घालून नाही. आणि सोबत एक जण असा ने, ज्याच्या हातात कॅमेरा नाही. तुझा भाऊ चालेल, त्याला तसंही काही काम नसतं.

आता सराव. त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. आपल्याकडं नगर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात जत्रा लागल्या की पारनेरच्या अंगाला बैलगाडा शर्यती सुरू होतात. मध्ये २०१४ पासून बंदी होती. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून शर्यतीचे घाट परत गजबजलेत. शर्यत काय असते हे कॅमेऱ्याला शिकवायला याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुटते ती काही सेकंदांत संपते. चार बैल, पुढं घोडी, वर भंडाऱ्याचा पिवळा ढग आणि दोन्ही बाजूंना ओरडणारी माणसं. दुसरी संधी नाही. पण दिवसभरात बाऱ्या इतक्या सुटतात की एकाच जागेवरून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करता येतो. कमिटीच्या माणसाला भेटून परवानगी घे, गावातली एखादी ओळख काढ, आणि जिथं गाडे सुटतात तिथं गर्दी करू नकोस. बैल बुजतात. फ्लॅश तर पिशवीतच राहू दे. मोटारसायकल फ्लॅशला बुजत नाही, एवढाच काय तो फरक.

तिथं पॅनिंग घोटायचं. पायांची बोटं गाडी जिथून येते तिकडं ठेवायची नाहीत, जिथं बटण दाबणार तिकडं ठेवायची. मग कमरेतून उलटं वळून गाडीला लांबूनच पकडायचं आणि तिच्या वेगानं कंबर मोकळी सोडत आणायची. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. बटण दाबल्यावर लगेच थांबायचं नाही, गाडी पुढं जाईपर्यंत वळत राहायचं. नवखी माणसं नेमकी बटण दाबताना थबकतात आणि फोटो तिथंच हलतो. शटर आधी १/२५० ठेव, जमायला लागलं की १/१२५, मग १/६०. १/३० ला दहातला एखादा जमला तरी खूश हो. १/२००० ला काढलेली पळती गाडी उभी केल्यासारखी दिसते, चाकाचा आरा न् आरा मोजता येतो, बघणाऱ्याला वाटतं शोरूममधला फोटो आहे. उलट बाइक उडी मारून हवेत गेली की मात्र १/१००० च्या खाली येऊ नकोस. तिथं चिखलाचा थेंब न् थेंब हवेत लटकलेला दिसायला हवा.

मिररलेस कॅमेऱ्यात आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असतं, ते शर्यतीत बंद ठेव. बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीओळीनं वाचतो. तेवढ्यात गाडी पुढं सरकलेली असते आणि कॅमेराही फिरत असतो. मग चाकं लंबगोल होतात, मागचे खांब तिरके पडतात. ही गंमत नवी नाही. झाक आँरी लार्तीग नावाच्या फ्रेंच पोरानं पहिल्या महायुद्धाच्या आधी फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत असाच एक फोटो काढला. चाक पुढं झुकलेलं, कडेची माणसं आणि खांब मागं कललेले, कारण त्या कॅमेऱ्याचं पडदा-शटरही फटीफटीनंच उघडायचं. अर्ध्या शतकानंतर, १९६३ साली, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्याचे फोटो लावले आणि तो जगप्रसिद्ध झाला. वेगाचं एवढं बोलकं चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. तरी तू मेकॅनिकल शटरच वापर. रायडरला त्याच्या बाइकचं चाक गोलच हवं असतं, त्याला कलेशी देणंघेणं नाही.

धुळीचं नगरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. खारे कर्जुन्याच्या के. के. रेंजवर लष्कर पत्रकारांना रणगाड्यांची प्रात्यक्षिकं दाखवायला बोलवायचं, तिथं धूळ कशी टिपायची ते मी शिकलो. ऊन पाठीशी घेतलं तर धूळ नुसती भुरकट भिंत दिसते. तेच ऊन गाडीच्या मागून किंवा तिरकं बाजूनं आलं की धुळीला धार येते, तिच्यात थर दिसतात. म्हणून सकाळी आठ-साडेआठच्या आत आणि दुपारी चारनंतर जोर लावायचा, मधल्या वेळात पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या तयार करतात त्या जागी, माणसांचे फोटो काढायचे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला राहायचं हे तर आलंच, नाहीतर पहिली गाडी गेली की पुढच्या पाच तुला दिसणारच नाहीत. ट्रॅकवर टँकर पाणी मारून जातो, त्याच्या पुढच्या एक-दोन शर्यतींत धूळ नसते. तेव्हा रायडरचे डोळे, हातमोजे, हँडल असं जवळचं काढून घे. धुळीत मीटर फसतो, पिवळट पांढरं बघून फोटो काळवंडून टाकतो, म्हणून एक्स्पोजर हातानं लावून ठेव.

लेन्स मैदानावर बदलायची नाही. म्हणजे नाहीच. ७०-३०० लावून ये आणि जवळच्या कामाला दुसरा जुना कॅमेरा किंवा मोबाइल वापर. किराण्याच्या पारदर्शक पिशवीला लेन्सच्या मापाचं भोक पाडून रबरबँडनं आवळलं की झालं कव्हर. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, मग कापड. उलट्या क्रमानं केलंस तर काचेवर मुरूम घासल्यासारखंच आहे, आणि तोंडानं फुंकर मारणाऱ्याला मी कॅमेरा हातात देत नाही.

ड्रिफ्टिंगचं तुझं वेड मला कळतं. गाडी आडवी होऊन धूर काढत वळणातून जाते, पुढची चाकं एकीकडं, गाडीचं तोंड दुसरीकडं. यात घड्याळाला महत्त्व नसतं. परीक्षक रेषा बघतात, कोन बघतात, ऐट बघतात. म्हणून फोटोतही तो कोन दिसला पाहिजे. आतल्या बाजूनं, जरा पुढून काढ, म्हणजे उलटी वळवलेली पुढची चाकं आणि मागचा धूर एका चौकटीत येतील. ड्रायव्हर तेव्हा पुढच्या काचेतून बघत नसतो, बाजूच्या खिडकीतून बघत असतो, कारण जायचं तिकडंच असतं. त्याची ती नजर मिळाली तर दिवस कामी आला. फोकसचा एकच ठिपका ठेवून हेल्मेटवर किंवा हेडलाइटवर धर. मोठा चौकोन ठेवलास तर कॅमेरा धुरावर जाऊन बसतो, आणि मागून दुसरी गाडी येत असेल तर ती हातची जाते.

हा खेळ जगभर पसरला त्याला निमित्त झाली एक व्हिडिओ फिल्म, हे तुला आवडेल. १९८७ साली जपानच्या केइची त्सुचियानं डोंगरातल्या घाटरस्त्यावर गाडी अशी आडवी चालवलेली ‘प्लसपाय’ नावाची फिल्म निघाली. पुढं २००० साली तिकडं डी-वन ग्रां प्री सुरू झाली, २००४ ला अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट. पण त्सुचियाचं बघून आपल्या बायपासवर रात्री गाड्या फिरवणाऱ्या पोरांच्या मागं कॅमेरा घेऊन जायचं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीसाठीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझा व्हिडिओ पुरावा म्हणून पहिला जप्त होईल ते वेगळंच. आणि कॅमेरा दिसला की ती पोरं चेकाळतात. एरवी चाळीसनं गेला असता तो साठनं वळण घेतो. समोरून दूधवाला येत असतो, त्याला काय ठाऊक इथं शूटिंग चाललंय.

आपल्या शहरातही गाड्या रोज ट्रॅकवर पळतात, व्हीआरडीईच्या कंपाउंडच्या आत. पण ती संरक्षण खात्याची चाचणी, ते दार आपल्यासाठी नाही. लष्करी हद्दीच्या आसपास ड्रोन तर राहू दे, मोबाइलसुद्धा उगाच वर करू नकोस. ड्रोन कुठंही उडवायचं झालं तर आधी सरकारच्या डिजिटल स्कायच्या नकाशावर ती जागा हिरवी आहे का बघ, मग आयोजकांना विचार. बैलगाड्यावर ड्रोन खाली आणणाऱ्याला गावकरी जे बोलतात ते मी इथं लिहू शकत नाही.

शर्यती शोधायच्या तर एफएमएससीआयची परवानगी असलेल्या शोधायच्या. मोटारस्पोर्ट्सची राष्ट्रीय संघटना ती. तिच्या स्पर्धेत डॉक्टर, अँब्युलन्स, मार्शल सक्तीचे असतात. पुण्याला सुपरक्रॉस होतात. २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली फेरी झाली. शर्यत दिव्यांखाली असली तर एक पथ्य पाळ. आपली वीज ५० हर्ट्झची. व्हिडिओचं शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं नाही तर चित्र लुकलुकायचा धोका असतो. कोल्हापूरला मोहिते अकॅडमीचा गो-कार्टचा ट्रॅक आहे. त्या शहराला शर्यतीचा नादच आहे, तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. लांब पडतं, पण कार्ट जमिनीला लागून पळते, पॅनिंगला तिच्यासारखी गाडी नाही.

फिल्मचं म्हणशील तर आवाज आधी पकड. माणसं चित्र हललेलं खपवून घेतात, इंजिनाच्या जागी वाऱ्याची खरखर ऐकू आली की बंद करतात. कॅमेऱ्यावरच्या माइकच्या भरवशावर राहू नकोस. छोटा रेकॉर्डर घे, त्याला फरची टोपी घाल, लेव्हल हातानं कमी लाव आणि पॅडॉकमध्ये सायलेन्सरपासून दोन-तीन हात बाजूला ठेव. प्रत्येक गाडीचा चालू करतानाचा, रेस देतानाचा आणि बंद होतानाचा आवाज वेगळा घेऊन ठेव. एडिटिंगला बसशील तेव्हा माझी आठवण येईल. स्लो मोशनचा सोस आवर. सगळंच सावकाश दाखवलं तर शर्यत कशाला म्हणायची? आणि दुपारच्या उन्हात १/५० ला शूट करायचं तर एनडी फिल्टर लागणारच, तो हलका घेऊ नकोस, रंग मारतो.

पहिली फिल्म शर्यतीची करूच नकोस असं माझं मत आहे. कॉलेजात बाहाची टीम असेल तर तिच्या मागं लाग. मध्य प्रदेशात पिथमपूरला ती स्पर्धा होते, इंजिनिअरिंगची पोरं आपल्या हातानं एकट्याची बग्गी बांधून नेतात. त्यांच्या वर्कशॉपमध्ये रात्री जा. पाइप वाकवून रोल केज बांधतात, जोड बसत नाही म्हणून एक जण पाइपच्या टोकाला कानस मारत बसतो, दुसरा त्याला टॉर्च दाखवतो, आणि तिसरा बिलं जुळवत असतो कारण कॉलेज पावतीशिवाय पैसे देत नाही. तुझं शूटिंग तिथं आहे. तिथं कुणी तुला बॅरिकेडमागं उभं करणार नाही. वेल्डिंगच्या ठिणगीवर सरळ लेन्स मात्र रोखू नकोस, डोळ्यालाही बरं नाही आणि काचेवर ठिणगी पडली की टिकली राहते.

मार्शलशी बोलायला शीक. कडेला झेंडा घेऊन उन्हात उभा असतो, त्याला पाणी विचार. पिवळा म्हणजे पुढं धोका, लाल म्हणजे शर्यत थांबली, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. पिवळा हलायला लागला की कॅमेरा खाली आणि आधी बघायचं कुठं काय झालंय. पडलेल्या रायडरजवळ धावत जायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. लांबून काढलास तर काढ, पण घरच्यांना कळायच्या आत तो फोटो कुठंही टाकायचा नाही. यावर माझ्याशी वाद घालू नकोस.

हौशी शर्यतीत पहिला येणाऱ्याचे फोटो सगळे काढतात. तू पहिल्या फेरीतच प्रत्येक नंबरचा एक तरी नीट फोटो घेऊन टाक. सकाळी गाड्या तपासतात त्या स्क्रूटिनीच्या टेबलावर स्पर्धकांची यादी असते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेव म्हणजे रात्री नंबरावरून नाव लागेल. शेवटून दुसऱ्या आलेल्या पोरानं कर्ज काढून टायर घेतलेले असतात. पुढच्या वर्षी प्रायोजकाच्या दारात जाताना त्याला फोटो लागतो, आणि पैसे देऊन घेणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तोच निघतो. पहिला आलेला तुझ्याकडं फुकट मागतो, वर टॅग करतो म्हणतो. एक छोटा फोटो नावासकट फुकट दे, मोठी फाइल पैसे आल्यावर. व्हॉट्सअॅपवर पाठवशील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर सगळी मेहनत चेचून जाते. भाव आधी ठरव, नंतर ओळख निघते. ओळख निघाली की काका, दादा, मामा सुरू होतं.

परवानगीचा मेल आयोजकांना दोन आठवडे आधी टाक, सोबत कामाचे चार-पाचच फोटो जोड, पन्नास नको. पास मिळाला की जॅकेट किंवा पट्टा देतात, तो दिवसभर अंगावर ठेवायचा. पायांत बूट, केस बांधलेले, ओढणी घरी. गेटवर एक इनडेम्निटी फॉर्म देतात, काही झालं तर आयोजक जबाबदार नाहीत असा. सही करायच्या आधी तो पूर्ण वाच, मागची बाजूही. त्यात रक्तगट लिहावा लागतो, तो तुला ठाऊक नसेल तर आजच आईला विचारून घे. कशाला हवाय, ते ताईला मी सांगतो.